सी ड्राइव्हला जागा मिळण्याबाबत

या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. आजवर ठेवलेला नाही. ही गोष्ट जिथे जिथे सांगितली तिथे तिथे एक ना एक शहाणा निघालाच, आणि त्याने भर बैठकीत 'थाप!' म्हणून बोट दाखवलं. तेव्हा या दुकानातल्या बाकावर बसलेल्या मंडळींनाही ती मुभा आहे. नाहीतरी तुमचे नंबर लागायला अवकाश आहे. दवाखान्यात तापलेलं मूल घेऊन बसावं तसे तुम्ही आपापली बंद पडलेली यंत्रं मांडीवर घेऊन बसला आहात. कोपऱ्यातल्या मावशींनी तर आपला लॅपटॉप शालीत गुंडाळून आणला आहे. काउंटरमागे दुरुस्तीवाला कोणाची तरी डिस्क उघडून सुस्कारे टाकतो आहे आणि त्याच्या डोक्यावर 'गेलेला डेटा परत मिळेल (मिळाल्यास)' अशी पाटी आहे. अशा जागी माणसाने सहसा खोटं बोलू नये. तरीही थाप सापडलीच तर जागच्या जागी बोला. मनात ठेवून घरी नेऊ नका.

तर, सत्य असं आहे की माणसाला हवी असलेली जागा नेहमी शेजारच्याकडे रिकामी पडलेली असते. हे घराला लागू आहे, कपाटाला लागू आहे, बसमधल्या बाकाला तर आहेच. संगणकाच्या डिस्कलाही आहे. डिस्क एकच असते, पण आत भिंत घालून तिचे दोन भाग केलेले असतात. एकाला सी म्हणतात, दुसऱ्याला डी. सीमध्ये संगणकाचा स्वतःचा संसार. डीमध्ये माणसांचा पसारा. सी कायम भरलेला आणि डी कायम ओसाड, कारण भिंत घालणाऱ्या दुकानदाराला घरी जायची घाई असते.

ज्या घरातली ही गोष्ट, तिथे चार माणसं, तीन खोल्या आणि एक संगणक होता. (माणसांपेक्षा संगणकाचा मान मोठा. त्याला इस्त्रीचा अभ्रा होता. आत्याबाईंच्या उशीला नव्हता.) घरातले सासरे एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. ते कार्यालयातून निघाले, पण कार्यालय काही त्यांच्यातून निघालं नाही. दूध आलं की ते 'आवक' म्हणत, केर बाहेर गेला की 'जावक'. मुलाला ते 'चिरंजीव' म्हणत, आणि चिरंजीवांच्या हातून काही फुटलं तर 'संबंधित'. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई, त्यांना 'बाळ' म्हणणारी जगातली शेवटची व्यक्ती. त्या संगणकावर एकट्याने पत्त्यांचा डाव मांडत, आणि डाव हरायला आला की वीज गेल्याचा आव आणून थेट भिंतीवरचं बटण बंद करत. हात अगदी सरावलेला. हे लक्षात ठेवा.

आणि सून. सून नकाशे काढणारी. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीने तिला घरबसल्या काम देऊ केलं होतं. अट एकच. दोन आठवड्यांनी सोमवारी सकाळी कंपनीचा नकाशांचा प्रोग्राम तिच्या संगणकावर चालताना दिसला पाहिजे. नाही दिसला तर दुसरी एक बाई रांगेत उभीच होती. प्रोग्राम अवाढव्य, आणि सीमध्ये लाल पट्टी लागलेली. (डीमध्ये बसवता येईल का, असं तिने विचारून पाहिलं. प्रोग्रामने साफ नकार दिला. मोठी माणसं आणि मोठे प्रोग्राम, बसणार ते मानाच्या जागीच.)

"बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "सी भरलाय. मधली भिंत थोडी सरकवून डीतली जागा सीला द्यायची आहे. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "तोंडी मागणी?"

"मग काय करू, बाबा? मोर्चा आणू?"

"अर्ज आण."

"दे बाई लिहून एकदाचा," आत्याबाई पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाल्या. "लहानपणी भूक लागली तरी हा आईला चिठ्ठी पाठवायचा. आई वाचेपर्यंत भाकर गार."

सुनेने अर्ज लिहिला. अधीक्षकांनी तो दोनदा वाचला, घडी घातली, आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सूनबाई, डीमध्ये ती एक तक्रार आहे. बाकी काय जाईल ते जाऊ दे. ती जायला नको."

"माहीत आहे, बाबा," सून म्हणाली.

घरात सगळ्यांनाच माहीत होतं. डीमधल्या मजकुराची वर्गवारी करायची तर शंभरातले साठ भाग चिरंजीवांचे सिनेमे, जे ते 'एकदा निवांत बघायचे' म्हणून साठवत होते (बघून झालेले: अर्धा). तीस भाग अधीक्षकांच्या साऱ्या नोकरीतले रजेचे अर्ज, नामंजूर झालेले वेगळे. दहा भाग लग्नाचे फोटो, ज्यांत सगळे जेवताना दिसतात. आणि या तिन्ही वर्गांत न बसणारी एक आवाजाची फाइल. तिचं नाव अधीक्षकांनी स्वतः ठेवलं होतं: 'तक्रार – प्रलंबित ठेवावी'. ती होती सासूबाईंची. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. सुनेने त्यांना पाहिलेलंही नव्हतं. एवढंच दिसायचं, की दर रविवारी अधीक्षक कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसतात, आणि उठले की कोणाशी न बोलता पलंगावरचा आपला ओला टॉवेल उचलून दोरीवर वाळत घालतात. बाकीचे सहा दिवस टॉवेल पलंगावरच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून माहेरी एक धावती फेरी मारून आली. (कशाला, ते पुढे येईल.) तोवर अधीक्षकांनी समिती स्थापन केली होती.

समितीचं नाव गृह-संगणक सुरक्षित पुनर्विभाजन समिती. अध्यक्ष अधीक्षक. सचिवही अधीक्षकच, पण गोंधळ होऊ नये म्हणून अध्यक्ष असताना ते लांबचा चष्मा लावत आणि सचिव असताना जवळचा. सचिव टिप्पणी लिहीत, चष्मा बदलत, अध्यक्ष ती वाचून 'स्पष्ट बोध होत नाही, फेरसादर करावे' असा शेरा मारत, आणि पुन्हा चष्मा बदलून सचिव मनातल्या मनात अध्यक्षांना चार शब्द सुनावत. प्रशासन निःपक्षपाती असतं म्हणतात ते असं. सदस्य म्हणून आत्याबाई आणि चिरंजीव. सून अर्जदार असल्यामुळे तिला सभेत बसता येत नव्हतं. ती पलीकडच्या खोलीत बसून सगळं ऐकत होती आणि मागितल्यावर चहा पाठवत होती.

पहिला ठराव सुरक्षिततेचा. कामाला हात लावण्यापूर्वी डीची संपूर्ण नक्कल काढावी. ठराव शहाणपणाचा होता, म्हणून तो एकमताने मंजूर झाला. प्रश्न आला नक्कल ठेवायची कुठे हा.

"बाहेर ठेवा," पलीकडच्या खोलीतून सून म्हणाली. "दुसऱ्या डिस्कवर. शक्यतो दुसऱ्या घरी."

"घरचा डेटा घराबाहेर?" अधीक्षकांचा आवाज चढला. "मूळ प्रत आणि नक्कल एका नस्तीत, एका दोरीत. मी सगळी नोकरी त्यावर काढली. नस्ती कार्यालयाबाहेर न्यायची म्हणजे निलंबन!"

तेव्हा डीची नक्कल डीमध्येच ठेवण्यात आली. मग त्या नकलेला काही झालं तर? म्हणून तिची नक्कल. नियमाप्रमाणे प्रत्येक नकलेसोबत आधीच्या सर्व नकला जोडणं भागच होतं. चार दिवस संगणक रात्रंदिवस घरघरत राहिला आणि पाचव्या दिवशी डीलाही लाल पट्टी लागली. ज्या डीमध्ये जागा जास्त आहे म्हणून समिती नेमली, तो डी समितीने काठोकाठ भरून दाखवला. एवढी झटपट कार्यवाही सहसा बघायला मिळत नाही.

आत्याबाई उठून आल्या. त्यांनी लाल पट्टी पाहिली, मग भावाकडे पाहिलं.

"बाळ, विहिरीत पडायची भीती म्हणून तू दोर विहिरीतच टाकून ठेवलास होय रे?"

अधीक्षकांनी जवळचा चष्मा लावला, लांबचा लावला, पण दोन्हींतून उत्तर दिसेना. शेवटी नकला नष्ट करण्याचा ठराव आला. नष्ट करण्यापूर्वी त्यांची एक नक्कल काढावी अशी उपसूचना अध्यक्षांनी मांडली, पण ती मांडताना ते स्वतःच थबकले. ही त्यांच्या कारकिर्दीतली पहिली माघार. त्या प्रसंगाने चिरंजीव इतके हेलावले, की त्यांनी आपले सगळे सिनेमे आपणहून, कोणी न सांगता, काढून टाकले.

(बाकावर कोणी काही बोललं नाही. बरं, पुढे.)

आता डीमध्ये ऐसपैस जागा झाली. पण सुनेने अडचण सांगितली. जागा झाली ती डीच्या पार पलीकडच्या टोकाला. सी अलीकडच्या टोकाला. भिंत सरकवायची तर भिंतीलगतचं सगळं सामान आधी मागे न्यावं लागतं. हे काम चालू असताना संगणक एका क्षणासाठी जरी बंद पडला, तर सामान ना इकडे राहत ना तिकडे.

"हे समितीला पटवून द्यावं लागेल," अध्यक्ष म्हणाले. "प्रात्यक्षिक हवं. कपाटावर."

कपाटाची रंगीत तालीम झाली ती अशी. वरचा कप्पा सी, ठासून भरलेला. खालचा कप्पा डी, अर्धा रिकामा. मधली फळी वीतभर खाली आणायची. कपडे बाहेर काढून ठेवले असते तर काम चुटकीसरशी झालं असतं, पण कपडे बाहेर काढणं म्हणजे नस्ती कार्यालयाबाहेर. म्हणून अधीक्षकांनी कपड्यांसकट फळी चिरंजीवांच्या दोन हातांवर तोलली, स्वतः खाली वाकून चादरी मागे ढकलायला सुरुवात केली, आणि नेमका चिरंजीवांचा फोन वाजला. माणसाचा हात फोनकडे कसा जातो यावर पुष्कळ संशोधन झालं आहे, पण तो जाऊ नये यावर झालेलं नाही. फळी आली, वरचा कप्पा आला, आणि दुलया, स्वेटर, जुने पडदे यांच्या राशीखाली चिरंजीव अंतर्धान पावले.

"जिवंत आहेस का रे?" आत्याबाईंनी विचारलं.

"फोन कुठे पडला माझा?" राशीतून आवाज आला.

सचिवांनी इतिवृत्तात नोंद केली: 'तालीम समाधानकारक. एक सदस्य काही काळ सापडत नव्हते. नंतर जसेच्या तसे परत मिळाले.'

राहिला प्रश्न विजेचा. ऐन कामात वीज गेली तर? अधीक्षकांनी वीज कार्यालयाला पत्र लिहिलं: येत्या रविवारी सकाळी दहा ते दुपारी बारा वीज घालवू नये, सबब घरगुती डिस्कची भिंत सरकवणे आहे. आणि मंडळी, तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. शिक्क्यासहित. 'आपले पत्र वाचून आनंद झाला. रविवारी आपल्या गल्लीवर आमचा एक माणूस केवळ लक्ष ठेवण्यासाठी बसवत आहोत. डिस्कला आमच्या शुभेच्छा कळवाव्यात.' अधीक्षकांनी ते पत्र फ्रेम करून घेतलं.

(यावरही बाकावर शांतता आहे. मावशींनी फक्त शाल नीट केली. बरं.)

रविवार उजाडला. सोमवारी सकाळी कंपनीचा फोन येणार होता, म्हणजे सुनेच्या हातात हा एकच दिवस. तिने मान्यता संध्याकाळपर्यंत मागितली होती. अध्यक्षांनी दहा ते बारा दिली.

"बाबा, कधी कधी जास्त वेळ लागतो."

"म्हणून तर मुदत हवी. मुदत नसलेली मान्यता म्हणजे मान्यताच नव्हे."

मग कार्यालयीन आदेश निघाला. दहा वाजल्यापासून घरात कोणी मिक्सर, इस्त्री, पंखा यांपैकी कशालाही हात लावायचा नाही. चिरंजीवांचा फोन डब्यात, डबा फडताळात. दाराजवळच्या मुख्य स्विचखाली आत्याबाईंनी स्टूल टाकून बसायचं आणि कोणालाही त्याच्याजवळ फिरकू द्यायचं नाही. बोलायचं नाही, कारण बोलण्याने लक्ष विचलित होतं. आणि आदेशाची शेवटची ओळ, जी अधीक्षक प्रत्येक आदेशाच्या शेवटी सवयीने लिहीत: 'मुदत संपताच काम बंद करून मुख्य स्विच बंद करावा.'

दहा वाजता सुनेने बटण दाबलं. पडद्यावर पट्टी आली आणि मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. सामान हलू लागलं. अधीक्षक खुर्ची ओढून पट्टीसमोर बसले. त्यांच्या खांद्यावर ओला टॉवेल होता. आज रविवार असूनही तक्रार ऐकायची राहिली होती. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. आत्याबाई स्टुलावर ताठ बसून होत्या, आणि त्या दोन तासांत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

(कोणीच काही म्हणत नाही? तुम्हाला आत्या नसावी.)

बाराला तीन मिनिटं कमी असताना पट्टीवर अक्षरं उमटली: 'बाकी वेळ: चार मिनिटं.' आता अशी पट्टी चार मिनिटं म्हणाली की त्यात जेवण होतं, झोप होते, मुलांची शिक्षणं होतात, हा तुमचा-आमचा अनुभव. पण ही पट्टी खरं बोलत होती. चार म्हणजे चार. सुनेने हिशेब केला.

"बाबा, एक मिनिट कमी पडतंय. मुदतवाढ द्या!"

अधीक्षक ताडकन उठले. कोणी काही म्हणो, त्या क्षणी ते मुदतवाढ द्यायला मनापासून तयार होते. पण मुदतवाढीचा प्रस्ताव सचिवांनी मांडायचा असतो. सचिवांचा चष्मा हवा.

"माझा जवळचा कुठे आहे? जवळचा!"

"बाबा, तसंच द्या हो!"

"तसं कसं देता येईल? नंतर आक्षेप निघेल!"

टेबलावर नाही. खिशात नाही. खुर्चीखाली नाही. चिरंजीव उशा उलटून पाहत होते. चष्मा होता कपाळावर. तो सापडला, नाकावर आला, प्रस्ताव मांडला गेला, चष्मा उतरला, दुसरा चढला, आणि अध्यक्षांनी हात वर करून गर्जना केली, "मुदतवाढ मंजू..."

बारा वाजले. आत्याबाईंचा सरावलेला हात वर गेला.

खट्.

पडदा काळा झाला. पंखा बंद, फ्रिज बंद. त्या शांततेत अधीक्षकांच्या तोंडातला "...र" तेवढा राहून गेला.

संगणक पुन्हा लावला तेव्हा सी हसतमुखाने हजर होता. त्याच्या केसालाही धक्का नव्हता. डीच्या जागी मात्र एक काळी पट्टी आणि तिच्याखाली चार शब्द: 'वाटप न केलेली जागा'. रजेचे अर्ज, जेवणाऱ्यांचे फोटो, सगळं त्या काळ्या पट्टीत.

अधीक्षक खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "तक्रार?"

सुनेने मान हलवली. "यातली गेली, बाबा."

"म्हणजे..." ते कार्यालयीन आवाजात म्हणाले, "निकाली निघाली म्हणायची." त्यांनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. घरच्यांनी त्यांना असं दोन्ही चष्मे बाजूला ठेवून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा अगदीच लहान दिसत होता.

आत्याबाईंचा हात अजून स्विचवरच होता. "बाळ, अरे मी घड्याळ बघूनच..."

"तुझं काही चुकलं नाही, ताई. तसा आदेशच होता."

सुनेने फडताळातल्या डब्यातून चिरंजीवांचा फोन काढला आणि माहेरी लावला. "दादा, तो डबा घेऊन ये. हो, आत्ता. हेल्मेट घालून ये, पण लवकर ये."

तिचा भाऊ आला. हातात जेवणाचा डबा, डब्यात रुमाल, रुमालात एक छोटी बाहेरची डिस्क. तर मंडळी, मघाशी माहेरची फेरी पुढे येईल म्हटलं होतं ती ही. अर्ज दिल्यावर अधीक्षक दुपारचे जरा लवंडले, तेव्हा सुनेने भावाकडून आधीच आणून ठेवलेल्या डिस्कवर सगळ्या डीची नक्कल काढली होती. समिती जन्माला यायच्या आधी. ती नक्कल तिने घरात ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी माहेरी नेली. आणि नेऊन नुसती ठेवून दिली नाही. भावाच्या संगणकाला जोडून, एकेक फाइल उघडून, नक्कल खरोखर चालते का ते तिने पाहिलं. 'तक्रार' तर तिने शेवटपर्यंत ऐकली. म्हणून परत येताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून हसत होती, आणि मधूनच डोळे पुसत होती.

तिने डिस्क जोडली, हेडफोन बाजूला ठेवला आणि आवाज मोठा केला.

"अहो, किती वेळा सांगायचं, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून! गादीला वास मारतो. ऑफिसात टाचणी वाकडी लागली तर शिपायाला ओरडता, आणि घरी टॉवेल दोरीवर जात नाही? दोरी काय दुसऱ्या खात्यात येते? आणि हसताय काय? मी काय... अगं बाई, हे लाल काय पेटलंय इथे? चालू आहे की काय हे? सगळं गेलं आत?"

आणि मग नुसतं हसणं. एका बाईचं, पोट धरून, थांबता थांबेना असं. पाठोपाठ एका पुरुषाचंही. अधीक्षक हसू शकतात हा पुरावा घरच्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला.

ते संपायच्या आत अधीक्षक उठले होते. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी गच्च पिळला, बाल्कनीत गेले आणि दोरीवर चारी टोकं सरळ करून वाळत घातला. परत आले तेव्हा नाक लाल होतं.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

पुढचं काम सोपं होतं. डी आता मोकळं मैदान. मोकळ्या मैदानात भिंत कुठेही घालता येते. सुनेने सीला हवी तेवढी जागा दिली, उरलेल्याचा नवा डी केला, सामान परत आत आणलं, आणि दिवेलागणीच्या आत लिफ्टचा प्रोग्राम सीमध्ये मांडी घालून बसला. सोमवारी कंपनीचा फोन आला तेव्हा ती पहिला नकाशा काढत होती.

संध्याकाळी समितीची समारोपाची सभा झाली. अर्जदाराने नस्ती कार्यालयाबाहेर नेल्याच्या गंभीर प्रमादाबद्दल चर्चा झाली आणि तिला कार्योत्तर मान्यता देण्यात आली, मागल्या तारखेपासून, चहासह. अहवालात लिहिलं गेलं: 'समितीच्या दूरदृष्टीमुळे काम कोणत्याही हानीविना पार पडले.' पुढच्या कामासाठी समिती कायम ठेवण्यात आली. म्हणजे बघा, सगळं कसं...

"थांबा, काका." कोपऱ्यातल्या मावशींनी शालीतून बोट बाहेर काढलं. "इथे सापडली तुमची थाप."

"कोणती? वीज कार्यालयाचं उत्तर?"

"येतं कधी कधी. नवीन माणूस लागला असेल."

"चिरंजीवांनी सिनेमे काढून टाकले ते?"

"बरं नसेल त्याला."

"पट्टी खरं बोलली ती? आत्याबाई दोन तास गप्प बसल्या त्या?"

"पट्टी चुकून बोलली असेल, आणि आत्याबाईंना डोळा लागला असेल. ते सगळं मी मानलं. पण ती सून!" मावशींचा आवाज चढला. "काम सुरू व्हायच्या आधी बॅकअप घेतला? वर दुसऱ्या घरी नेऊन ठेवला? आणि एवढ्यावर न थांबता उघडूनसुद्धा पाहिला? काही धरबंध ठेवा, काका! थापेलाही अंगापिंडाचं माप असतं. असं माणूस जगात असतं का?"

बाकावरच्या सगळ्यांनी आपापल्या मांडीवरच्या यंत्राकडे पाहिलं आणि मान हलवली. आतून दुरुस्तीवाल्याचे सुस्कारे थांबले. त्याने काउंटरवरून डोकं बाहेर काढलं.

"असेलही," तो म्हणाला. "पण ते माझ्याकडे कशाला येईल?"

"मग विचाराच इथे," मावशी म्हणाल्या. "घेतलाय का कोणी? घेतला असेल त्याने हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. गोष्ट तिथेच संपली. पकडलेली थाप पुढे ओढण्यात अर्थ नसतो. पुढे कोणीतरी ती छापली, तेव्हा मावशींचा प्रश्नही जसाच्या तसा छापला. वाचणाऱ्यांपैकी एकाचा हात हलला म्हणतात.

तो पान उलटायला.